उघड्यावर चित्र काढणाऱ्याचे ओझे

आतापर्यंतच्या प्रकरणांत चित्रकार आपल्या खोलीत बसून काम करीत आहे, असे आपण गृहीत धरले होते. तेथे प्रकाश खिडकीतून एकाच बाजूने येतो, पाण्याचे भांडे हाताशी असते आणि काम अर्धे टाकून उठले तरी दुसऱ्या दिवशी सर्व वस्तू जागच्या जागी सापडतात. या प्रकरणात तो उंबरठा ओलांडून बाहेर पडत आहे. बाहेर काय रंगवावे आणि कसे रंगवावे, याविषयी पुढे पुष्कळ सांगायचे आहे. परंतु त्याआधी एका साध्या प्रश्नाचे उत्तर त्याने द्यावयास हवे. आपले सामान स्वतः उचलून तो किती चालू शकतो?

हा प्रश्न गौण वाटण्याचा संभव आहे. तथापि निसर्गचित्रणाची मनापासून आवड असलेली कितीतरी माणसे दोन-चार फेऱ्यांनंतर बाहेर जाणे सोडून देतात. कारण विचारले तर ऊन, गर्दी, वेळेचा अभाव असे काहीबाही सांगतात. त्यांचे सामान एकदा तराजूत घालून पाहावे. दहा-बारा किलोंचे ओझे घेऊन बस पकडणारा माणूस सूर्योदयाला नदीवर पोचत नाही. तो नऊ वाजता पोचतो, तेव्हा सावल्या आखडलेल्या असतात. धापा टाकीत मांडामांड करण्यात आणखी अर्धा तास जातो आणि ज्या प्रकाशासाठी तो आला तो प्रकाश निघून गेलेला असतो. त्याचे चित्र घरातून निघतानाच बिघडलेले असते.

चित्र उभे धरणाऱ्या चौकटीला आपण 'ईझल' म्हणतो. हा शब्द ज्या डच शब्दापासून आला त्याचा अर्थ गाढव असा आहे. ओझे पेलणाऱ्या लाकडी आधाराला घोडा किंवा घोडी म्हणण्याची पद्धत मराठीतही आहे, तेव्हा ही कल्पना आपल्याला परकी नाही. मात्र खोलीतले गाढव चित्र पेलते. बाहेर जाताना त्या गाढवालाच चित्रकाराच्या पाठीवर बसून जावे लागते!

पूर्वीच्या काळी या ओझ्याचा प्रश्न दुसऱ्यांच्या खांद्यांवर टाकून सोडविला जात असे. थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम हे दोघे इंग्रज चित्रकार १७८६ ते १७९३ या काळात हिंदुस्थानभर फिरले. दृश्याची प्रतिमा कागदावर पाडणारी 'कॅमेरा ऑब्स्क्युरा' नावाची पेटी ते बरोबर नेत. त्यांच्या 'ओरिएंटल सीनरी' या मालिकेतील १४४ चित्रे आजही मोठ्या कौतुकाने पाहिली जातात. त्यांचे सामान वाहणाऱ्या माणसांचा उल्लेख मात्र त्या चित्रांखाली नाही. तैलरंगांची अडचण याहून वेगळी होती. घोटून तयार केलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवीत. टोचून रंग काढला की ती पिशवी पुन्हा नीट बंद होत नसे आणि प्रवासात कधी कधी फुटतही असे. जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये कथलाच्या, पिळता येणाऱ्या नळीचे एकस्व घेतले आणि ही अडचण संपली. जलरंगांच्या बाबतीत ती थोडी आधीच संपली होती. घट्ट वड्यांच्या जागी ओलसर रंगांच्या वड्या १८३० च्या दशकात इंग्लंडमध्ये मिळू लागल्या होत्या.

रंग खिशात मावू लागले, तरी चित्र खिशात मावत नव्हते. क्लोद मोने याने १८६६ मध्ये 'बागेतील स्त्रिया' हे चित्र बागेतच रंगवावयाचे ठरविले. कॅन्व्हासची उंची अडीच मीटरांहून अधिक होती. वरचा भाग रंगविण्यासाठी शिडीवर चढले की दृष्टीची पातळी बदलते आणि चित्रातील सारा हिशेब चुकतो. म्हणून त्याने जमिनीत चर खणून घेतला आणि कप्पीच्या साहाय्याने कॅन्व्हास त्यात खालीवर करण्याची सोय केली. पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनाने १८६७ मध्ये ते चित्र नाकारले, हा भाग वेगळा. चर खणणाऱ्या मोनेचे धाडस वाखाणण्यासारखे आहे. पण बुधवारी कचेरी असलेल्या आणि रविवारी चित्र काढणाऱ्या माणसाने तो मार्ग धरू नये, हे उघड आहे.

मोनेच्या या चरात प्रस्तुत प्रकरणाचे सार आलेले आहे. हलके सामान पाहिजे असे म्हणणारा नवशिक्या दुकानात जाऊन ॲल्युमिनियमचे ईझल मागतो. वास्तविक त्याने आधी चित्राचा आकार ठरवावयास हवा. फळी मोठी झाली की तिला पेलणारा आधार मोठा होतो, कुंचले रुंद लागतात, रंग अधिक लागतो, छत्री मोठी लागते आणि परतताना ओले चित्र सांभाळण्यासाठी दोन्ही हात लागतात. चित्र लहान केले की ही सारी साखळी आपोआप आखडते. ईझल कोणत्या धातूचे, हा प्रश्न त्यानंतरचा होय.

चित्र लहान ठेवण्यामागे ओझ्याखेरीज आणखी एक कारण आहे, ते म्हणजे वेळ. प्येर-आंरी द व्हालांस्येन हा फ्रेंच निसर्गचित्रकार १८०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सांगतो की, निसर्गातील अभ्यासचित्राला फार तर दोन तास द्यावेत. सूर्योदय वा सूर्यास्त असेल तर अर्ध्या तासाहून अधिक देऊ नये. त्यानंतर समोरचा प्रकाश निराळा झालेला असतो आणि चित्रकार दोन वेगवेगळ्या वेळा एकाच चित्रात कोंबू लागतो. आपल्या देशात ही मर्यादा अधिकच कडक मानावी लागेल. उष्ण कटिबंधात सूर्य क्षितिजावरून झपाट्याने वर चढतो; युरोपच्या उत्तरेकडील रेंगाळणारी संध्याकाळ आपल्याकडे नाही. दीड तासात तळहाताच्या चौपट फळी नीट रंगविता येते. तिच्या दहापट कॅन्व्हास त्याच वेळात केवळ झाकला जातो.

थोर चित्रकारांनी या मर्यादेचा स्वीकार केलेला दिसतो. इंग्लंडचा जॉन कॉन्स्टेबल रंगपेटी मांडीवर घेऊन बसे आणि पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस कागद टाचून त्यावर तैलरंगात काम करी. झाकण हेच त्याचे ईझल. हॅम्पस्टेड येथे १८२१ आणि १८२२ मध्ये त्याने केलेल्या ढगांच्या अभ्यासांपैकी अनेकांच्या मागे तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहिलेली आढळते. झॉर्झ सरा याचे 'ग्रांद झात बेटावरील रविवारची दुपार' हे चित्र दोन मीटर उंच आणि तीन मीटर लांब आहे. पण त्यासाठी बेटावर जाऊन केलेले बरेचसे रंगीत अभ्यास सुमारे १६ × २५ सेंटिमीटरच्या लाकडी फळ्यांवर आहेत. कॅनडाच्या टॉम टॉमसनची गोष्ट तर या संदर्भात विशेष बोलकी आहे. अल्गोन्क्विनच्या अरण्यात तो होडीतून हिंडे. होडी, तंबू, शिधा, मासेमारीची काठी आणि रंगपेटी एवढे सारे एकट्याने वाहावयाचे. तळे संपले की पुढच्या तळ्यापर्यंत होडीही डोक्यावर घ्यावयाची. त्याच्या फळ्या सुमारे २१ × २७ सेंटिमीटरच्या असत आणि पेटीत त्या ओल्या फळ्या एकमेकींना न चिकटता राहाव्यात म्हणून खाचा केलेल्या असत. 'जॅक पाइन' हे त्याचे सव्वा मीटरहून मोठे प्रसिद्ध चित्र १९१६ मध्ये जागेवर केलेल्या अशाच एका छोट्या फळीवरून त्याने त्या हिवाळ्यात चित्रशाळेत वाढविले. पुढल्याच वर्षी, जुलै १९१७ मध्ये, कनू लेक या तळ्यावर त्याचा मृत्यू झाला. मागे उरलेल्या त्या शेकडो फळ्या पाहिल्या म्हणजे त्या लहान आहेत म्हणून कमी प्रतीच्या आहेत, असे कोणी म्हणणार नाही.

तेव्हा नवशिक्याने २० × २५ सेंटिमीटर, म्हणजे जुन्या भाषेत आठ इंच गुणिले दहा इंच, हा आकार प्रमाण मानून आरंभ करावा. या मापाच्या चित्रासाठी जी पेटी वापरतात तिला फ्रेंचांच्या शब्दाने 'पोशाद' पेटी म्हणतात. (पोशाद म्हणजे जागेवर झटकन केलेले रंगीत टिपण. 'झटचित्र', 'क्षणचित्र' असे प्रतिशब्द अनुवादकाने योजून पाहिले. पण पहिला शब्द थट्टेचा वाटतो आणि दुसऱ्यावर छायाचित्रकारांनी हक्क सांगितलेला आहे. म्हणून मूळ शब्दच ठेवला आहे.)

ही पेटी विकत मिळते आणि परदेशी बनावटीची असेल तर महाग पडते. आपल्या गावातील सुतार ती सहज करून देईल. सहा मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडची, बाहेरून सुमारे ३० × २५ सेंटिमीटर मापाची आणि बंद केल्यावर सात सेंटिमीटर उंचीची पेटी करावी. खालच्या भागाची आतली उंची चार सेंटिमीटर ठेवली तर त्यात रंग आणि चिंध्या राहतात. त्यावर सरकणारी फळी बसविली की तेच पॅलेट. ही फळी डावीकडे सरकवून बाहेर काढली म्हणजे खालचे कप्पे उघडे होतात. झाकणाच्या आतल्या कडांना पाच-पाच मिलिमीटरच्या खाचा कराव्यात. त्यांत तीन मिलिमीटर जाडीच्या हार्डबोर्डच्या दोन-तीन फळ्या सरकवून ठेवता येतात. सर्वात बाहेरच्या खाचेतील फळीवर काम चालते.

खरी कसोटी बिजागरीपाशी आहे. साधी बिजागरी झाकण उघडते, पण ते हव्या त्या कोनात धरून ठेवीत नाही. कुंचल्याचा दाब पडला की झाकण मागे जाते. यासाठी पेटीच्या एका बाजूस लांबट खाच असलेली धातूची पट्टी लावून ती विंगनटने आवळावी. दिसण्यास हे ओबडधोबड आहे, परंतु वर्षानुवर्षे टिकते. पेटीच्या तळाच्या मधोमध बारा मिलिमीटर जाडीचा प्लायवूडचा तुकडा चिकटवून त्यात नट बसवून घ्यावा. हा नट पाव इंच व्यासाचा आणि इंचाला २० आटे असलेला पाहिजे, कारण कॅमेऱ्याच्या तिवईचा स्क्रू जगभर त्याच मापाचा असतो. एवढे केले म्हणजे कॅमेऱ्याची कोणतीही तिवई ही आपल्या ईझलचे पाय होते. अशी पेटी एक ते सव्वा किलो भरते, साधी तिवई दीड किलो. दोन्ही मिळून तीन किलोंच्या आत!

याच्या तुलनेत फ्रेंच पेटी-ईझल पाहावे. लाकडी पेटी, तिला घडीचे तीन पाय, आत खण, वर कॅन्व्हास धरणारी दांडी, असे हे साधन दिसण्यात देखणे आहे आणि चित्रकाराच्या छायाचित्रात शोभूनही दिसते. पूर्ण आकाराचे असे ईझल रिकामे असतानाच सहा-सात किलो भरते. शिवाय त्याचे पाय उलगडून, विंगनट आवळून ते उभे करावयास सवय नसलेल्या माणसाला दहा मिनिटे लागतात. मोटारीच्या मागच्या कप्प्यातून काढून पन्नास पावलांवर मांडावयाचे असेल, पाऊण मीटरचा कॅन्व्हास रंगवावयाचा असेल, तर यासारखे दुसरे साधन नाही. पायी जाणाऱ्याने मात्र त्याचा मोह टाळलेला बरा. बाजारात मिळणारी अर्ध्या रुंदीची आवृत्ती पाचेक किलोंपर्यंत उतरते, पण मांडण्याची कटकट तेवढीच राहते.

आता वाऱ्याकडे वळू. हलक्या ईझलवरचा सर्वात मोठा आक्षेप हाच की ते वाऱ्याने पडते, आणि तो आक्षेप खरा आहे. थोडा हिशेब करून पाहू. ६० × ४५ सेंटिमीटरच्या फळीवर ताशी ३० किलोमीटर वेगाचा वारा समोरून आदळला तर तिच्यावर सुमारे १.४ किलो वजनाइतका जोर पडतो. ही फळी जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर असेल, तर तरफेच्या नियमाने उलथविण्याचा जोर १.४ गुणिले १.२, म्हणजे जवळजवळ १.७ होतो. त्याला विरोध कोण करणार? तिवईचे पाय एकमेकांपासून एक मीटर अंतरावर रोवले, तर मध्यबिंदूपासून त्रिकोणाच्या बाजूचे अंतर जेमतेम ०.२९ मीटर भरते. दोन किलोंच्या ईझलचा प्रतिकार २ गुणिले ०.२९, म्हणजे ०.६ च्या आतच राहतो. ईझल पडणार यात शंका नाही. आता तीच तिवई घेऊन तिच्यावर २० × २५ सेंटिमीटरची फळी ठेवावी. उलथविण्याचा जोर ०.३ च्या आसपास येतो आणि ईझल उभे राहते. लहान चित्र असे स्वतःच्या स्थैर्याचीही सोय करते. मात्र वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, हे विसरू नये; त्या वेळी लहान फळीचाही भरवसा नाही.

मोठी फळी घेतल्याखेरीज गत्यंतर नसेल तर काय करावे? वरच्याच हिशेबात पाच किलोंचा दगड तिवईच्या मध्यदांड्याला टांगला तर प्रतिकार दोनच्या वर जातो आणि ईझल टिकते. हा दगड घरून न्यावयाचा नाही. रिकामी कापडी पिशवी न्यावी. दगड, वाळू, माती जागेवर सर्वत्र फुकट मिळतात. पिशवी अशी टांगावी की तिचा तळ जमिनीला किंचित टेकेल. अधांतरी ठेवली तर ती झोके घेते आणि ईझलला अधिकच हलविते. शिवाय वारा ज्या दिशेने ढकलतो आहे त्या दिशेला तिवईचा एक पाय येईल असे पाहावे, कारण त्या दिशेने उलथणे तिवईला सर्वात कठीण जाते. कॅमेऱ्याच्या तिवईचा मधला दांडा वर ओढून उंची वाढविण्याची सवय मात्र मोडून टाकावी. दांडा वर गेला की तीन पायांचे आसन एका काठीचे होते.

जागेकडून वजन उसने घेण्याची ही युक्ती जुनी आहे. फ्रान्समधील आर्ल येथे मिस्त्राल नावाचा बोचरा, सोसाट्याचा वारा वाहतो. तेथे १८८८ मध्ये काम करताना व्हिन्सेंट व्हान गॉग ईझलचे पाय जमिनीत रोवी, त्यांच्या शेजारी अर्धा मीटर लांबीच्या लोखंडी खुंट्या ठोकी आणि सगळे दोरीने आवळून बांधी. त्याने आपल्या पत्रांत हे लिहून ठेवले आहे. त्यापूर्वी हेगजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर १८८२ मध्ये त्याने दृश्याची चौकट पाहण्यासाठी जे साधन करून घेतले होते, तेही उंचसखल जमिनीत रोवता येईल अशा बेताने केलेले होते. आपल्याकडे तंबूच्या चार खुंट्या आणि सुतळीचे बंडल एवढ्यात हे काम भागते.

(येथे अनुवादकाला एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. प्रस्तुत अनुवादक चित्रकार नाही. पण एका चित्रकार मित्राचे सामान वाहण्याचा योग त्याला अनेकदा आलेला आहे. मध्य प्रदेशात महेश्वरला नर्मदेच्या घाटावर एका मार्च महिन्यात आम्ही बसलो होतो. मित्राचे ईझल नवे, ॲल्युमिनियमचे, अगदी पिसासारखे हलके होते. दोन तासांचे काम संपत आले असताना नदीवरून वाऱ्याची एकच झुळूक आली आणि ईझल पायऱ्यांवरून तीन पायऱ्या खाली गेले. चित्र अर्थातच रंगाच्या बाजूने पालथे पडले. घाटाच्या पायऱ्या दगडी होत्या, तेथे खुंटी ठोकणे शक्य नव्हते. पण आमची पाण्याने भरलेली पिशवी हाताशीच, जमिनीवर पडलेली होती.)

समुद्रकिनाऱ्यावर सावधगिरी याहून अधिक लागते. एत्रता येथील कड्याखाली १८८५ च्या नोव्हेंबरात मोने काम करीत असताना भरतीच्या वेळेचा त्याचा अंदाज चुकला. एका मोठ्या लाटेने त्याला कड्यावर आपटून पाण्यात ओढले. तो कसाबसा बाहेर आला, पण ईझल, रंग आणि चित्र गेले. कोकण, गोवा किंवा ओडिशाच्या किनाऱ्यावर जाणाऱ्याने भरती-ओहोटीच्या वेळा पाहूनच जागा निवडावी आणि मागे परतीची वाट मोकळी आहे याची खात्री करून घ्यावी. पावसाचेही तसेच. पॉल सेझान १९०६ च्या ऑक्टोबरात उघड्यावर काम करीत असता वादळी पावसात सापडला, कोसळला, आणि आठवड्याभरातच त्याचा अंत झाला. त्याचे वय तेव्हा सदुसष्ट होते. ज्याचे सामान दोन मिनिटांत आवरते तोच ढग पाहून वेळेवर उठू शकतो.

रंगांच्या निवडीत ओझ्याचा विचार कसा करावा? तैलरंगाच्या चाळीस मिलिलिटरच्या बारा नळ्या म्हणजे सुमारे एक किलो वजन. दीड तासाच्या चित्राला त्यांतील एक दशांशही रंग लागत नाही. म्हणून घरीच पॅलेटच्या कडेने हवे तेवढे रंग पिळून घ्यावेत आणि नळ्या घरी ठेवाव्यात; पांढऱ्याची एक नळी तेवढी बरोबर असावी, कारण पांढरा नेहमी अपुरा पडतो. सहा रंग पुरे होतात. एक उष्ण आणि एक थंड पिवळा, तसेच दोन तांबडे, दोन निळे, अशी जोडी घेतली की हिरवे, जांभळे आणि मातकट रंग मिश्रणाने साधतात. लांब दांड्यांचे कुंचले पेटीत मावत नाहीत. त्यांचे दांडे निःसंकोच कापावेत.

टर्पेंटाइनची बाटली शक्यतो नेऊच नये. ते ज्वालाग्राही आहे; रेल्वेतून आणि विमानातून नेण्यास मनाई आहे. कुंचला चिंधीने पुसून आणि जवसाच्या तेलाचे दोन थेंब वापरून एका बैठकीचे काम भागते. याच संदर्भात एक धोका आवर्जून सांगितला पाहिजे. जवसाचे तेल वाळताना उष्णता बाहेर टाकते. तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगळून बंद पिशवीत, त्यातही उन्हाळ्यात, ठेवल्या तर त्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या मोकळ्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात. ओल्या फळ्यांसाठी पेटीत खाचा नसतील, तर दोन फळ्या समोरासमोर धरून चारही कोपऱ्यांत बुचाचे पातळ तुकडे घालावेत आणि बाहेरून रबराचे पट्टे लावावेत. कोपऱ्यांत चार ठिपके उमटतील. ते घरी दुरुस्त करता येतात.

केवळ वजनाचा निकष लावला तर जलरंगांना तोड नाही. बारा वड्यांची पेटी, दोन कुंचले, कडा चिकटविलेल्या कागदांचा गठ्ठा आणि अर्धा लिटर पाणी, सगळे मिळून एक किलोभर. प्रत्येक चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा कागद घेतला तर तो ओला झाल्यावर फारसा फुगत नाही आणि ताणून बसविण्यासाठी वेगळी फळी न्यावी लागत नाही. मात्र एप्रिल-मे महिन्यांत दख्खनच्या किंवा माळव्याच्या पठारावर आकाशाचा पट्टा खाली येईतो वरचा भाग सुकून जातो आणि मध्ये कड उमटते. अशा वेळी कागद मागच्या बाजूनेही भिजवून घ्यावा. पावसाळ्यात याच्या उलट, पहिला थर सुकण्याची वाट पाहत तासभर बसावे लागते. जुलै महिन्यात कोकणात गेलेल्या जलरंगकाराने एकावेळी दोन चित्रे सुरू करावीत.

उन्हाविषयी दोन शब्द. चित्रावर किंवा पॅलेटवर थेट ऊन पडू देऊ नये. उन्हात प्रत्येक रंग उजळ दिसतो, म्हणून चित्रकार तो गडद करीत जातो, आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेले आढळते. छत्री पांढरी वा करडी असावी. लाल छत्रीखाली सारे चित्र लाल प्रकाशात न्हाते. ती ईझलला कधीही बांधू नये. वाऱ्याने छत्री उडते तेव्हा ती एकटी जात नाही. वेगळ्या काठीला बांधावी, किंवा छत्री घरीच ठेवून झाडाची वा भिंतीची सावली शोधावी. आपल्या देशात सावलीला तोटा नाही, फक्त ती कोणत्या वेळी कोठे सरकेल याचा अंदाज पाहिजे. धुळीची मात्र फार काळजी करू नये. मोनेच्या १८७० मधील त्रुव्हील येथील किनाऱ्याच्या चित्रात वाळूचे कण आजही रंगात रुतलेले आहेत, आणि अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या संग्रहालयातील व्हान गॉगच्या १८८९ मधील ऑलिव्ह वृक्षांच्या चित्रात २०१७ मध्ये चक्क एक नाकतोडा सापडला.

गर्दीचा प्रश्न भारतीय वाचकाला विशेष जाणवेल, पण तो केवळ आपलाच नाही. बर्त मोरिझो ही फ्रेंच चित्रकर्ती १८७५ मध्ये इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर गेली असता ईझल मांडताच भोवती मुलांचा घोळका जमे; वाऱ्याचा आणि मुलांचा वैताग तिने पत्रांतून बहिणीला कळविला आहे. उंच ईझल हे एक प्रकारचे निमंत्रणच असते. ते दुरून दिसते, रस्ता अडविते, आणि केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांत तर तिवईला पूर्वपरवानगी लागत असल्याने रखवालदार धावत येतो. तिवई कॅमेऱ्याची नसून चित्राची आहे, हे त्याला पटवून देण्यात सकाळ जाते.

अशा ठिकाणी ईझल अजिबात नसणे हाच उत्तम उपाय होय. आपल्याकडील लघुचित्रकार जमिनीवर बसून, गुडघ्याला फळी टेकवून काम करीत. त्यांच्या हातून जे घडले ते उभ्या ईझलवाचून घडले. मांडी ठोकून बसता येणाऱ्या माणसाजवळ ईझल जन्मजातच आहे. शांतिनिकेतनचे नंदलाल बोस तर जवळ छोटी कार्डे ठेवीत. वाटेत दिसलेले झाड, बकरी, चालणारी माणसे त्यांवर टिपीत आणि त्यांतील कित्येक कार्डे विद्यार्थ्यांना व स्नेह्यांना टपालाने पाठवीत. पोस्टकार्डाहून हलके साधन अद्याप निघालेले नाही. बसून काम करण्यात एक उणीव आहे, ती नमूद केली पाहिजे: मागे सरून चित्राकडे दुरून पाहता येत नाही. म्हणून दर वीस मिनिटांनी चित्र भिंतीला टेकवावे, उठावे आणि दहा पावले मागे जाऊन पाहावे. पायांनाही त्याने बरे वाटते.

सर्व सामान एकाच पाठपिशवीत मावेल असे पाहावे. हात मोकळे राहिले पाहिजेत. पेटी, तिवई, रंग, चिंध्या, रिकामी कापडी पिशवी, टोपी आणि पिण्याचे लिटरभर पाणी धरून एकंदर वजन पाच किलोंच्या पुढे जाऊ देऊ नये. पहिल्या फेरीपूर्वी भरलेली पिशवी पाठीवर टाकून घराभोवती अर्धा तास चालून यावे आणि घरातच घड्याळ लावून सामान मांडून पाहावे. चार मिनिटांहून अधिक वेळ लागत असेल तर काहीतरी जास्तीचे आहे. पुढे प्रत्येक फेरीनंतर पिशवी जमिनीवर उलटी करावी आणि ज्या वस्तूला त्या दिवशी हात लागला नाही ती बाजूला काढून ठेवावी. तीन फेऱ्यांत तिची आठवण झाली नाही तर ती कपाटात जावी. टोपी आणि पाणी यांना हा नियम लागू नाही.